स्मृतीची लय: मेंदूतील तालबद्ध हालचाली आणि आठवण

मेंदूतल्या चेतापेशी सूक्ष्म विद्युत स्पंदांनी एकमेकींशी बोलतात. एकट्या पेशीचा स्पंद मिलिसेकंदभर टिकतो आणि कवटीबाहेर त्याचा मागमूसही लागत नाही. पालखीच्या वाटेपासून दूर, टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला एकेका वारकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही. पण शेकडो टाळ एका ठेक्यावर पडू लागले की तो ठेका टेकडीपर्यंत पोचतो. मेंदूचेही तसेच आहे. लाखो पेशींची विद्युत स्थिती एकाच वेळी चढू-उतरू लागली की त्या चढउताराची लाट डोक्याच्या त्वचेवरही मोजता येते. ती असते फार तर दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची. तिचा आलेख म्हणजे ईईजी.

या लाटांची वर्गवारी दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवरून, म्हणजे हर्ट्झमध्ये, करतात. सर्वांत संथ डेल्टा साधारण १ ते ४ हर्ट्झ, थीटा ४ ते ८ (उंदरांत १२ पर्यंत), अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३० आणि त्यापुढे शंभरपर्यंत गॅमा. नावांच्या क्रमात तर्क शोधू नये. लाटा जसजशा ओळखल्या गेल्या तसतशी ग्रीक अक्षरे वाटली गेली. सीमारेषाही सोयीच्या आहेत.

लय उभी राहते ती मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींमुळे. बहुसंख्य चेतापेशी पुढच्या पेशीला उत्तेजित करतात. थोड्या पेशी मात्र गाबा नावाचे रसायन सोडून आजूबाजूच्या शेकडो पेशींना क्षणभर गप्प बसवतात. हा आवर ओसरला की त्या सगळ्या एकदमच मोकळ्या होतात, बोलू लागतात, आणि त्यांच्या बोलण्याने आवर घालणाऱ्या पेशी पुन्हा जाग्या होतात. आवर ओसरायला दहा-वीस मिलिसेकंद लागतात, त्यामुळे या चक्रातून सेकंदाला चाळीसेक आवर्तनांची गॅमा लय सहज निर्माण होते. प्रत्येक लाटेत असा एक काळ येतो की पेशी ऐकायला आणि बोलायला तयार असतात, आणि असाही एक की त्या जवळपास बंद असतात. स्मृतीच्या संदर्भात लयीचे सारे महत्त्व या साध्या गोष्टीत आहे. कोणती पेशी बोलली याइतकेच ती केव्हा बोलली, हेही हिशेबात धरले जाते.

प्राण्यांच्या मेंदूतील वीज लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये सशांत आणि माकडांत नोंदवली होती. माणसाच्या डोक्यावरची पहिली नोंद १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने घेतली आणि पाच वर्षे पडताळून १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. बर्गर यांना या वाटेवर आणले ते टेलिपथीच्या ध्यासाने. तरुणपणी लष्करी सरावात ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूरवर असलेल्या बहिणीच्या मनात भीतीची पाल चुकचुकली आणि घरून चौकशीची तार आली. मनातून मनात काय गेले असेल, हे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. टेलिपथी सापडली नाही. सापडली ती डोळे मिटताच उमटणारी आणि उघडताच विरणारी, सेकंदाला दहाच्या आसपासची अल्फा लय. सहकाऱ्यांचा यावर फारसा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तीच लय दाखवून दिली, तेव्हा कुठे बर्गर यांच्या कामाला मान्यता मिळाली.

हिप्पोकॅम्पस आणि थीटा

स्मृतीचे एक मुख्य ठाणे मेंदूत कुठे आहे, हे एका शस्त्रक्रियेच्या दुष्परिणामातून कळले. १९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे फिटचे झटके थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्यानंतर घडलेली कोणतीही नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. बालपण आठवत होते, बोलणे शाबूत होते, बुद्धी तीच होती. ब्रेंडा मिलनर आणि स्कोव्हिल यांनी १९५७ मध्ये हे सविस्तर मांडले, आणि ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा माणूस २००८ मध्ये वारला तोवर स्मृतिशास्त्रातला सर्वाधिक अभ्यासला गेलेला रुग्ण ठरला होता. कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हा अवयव नव्या आठवणी तयार करायला लागतो, एवढे नक्की झाले.

गंमत अशी की, याच अवयवातली एक ठसठशीत लय त्याआधीच ठाऊक होती. १९३८ मध्ये रिचर्ड युंग आणि आलोइस कोर्नम्युलर यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ती पाहिली होती. १९५४ मध्ये जॉन ग्रीन आणि आर्नाल्डो आर्दुईनी यांनी दाखवले की प्राणी सावध झाला की ती उसळते. तिला थीटा म्हणतात, आणि उंदराच्या मेंदूतील लयींमध्ये ती सर्वांत नियमित म्हणावी अशी आहे. पण १९६९ मध्ये केस व्हँडरवुल्फ यांनी एक अडचण उभी केली. त्यांच्या नोंदींनुसार उंदीर चालू-धावू लागला, उडी मारू लागला की थीटा येते. तो निवांत बसून अंग चाटू लागला की जाते. लय पायांशी बांधलेली असेल तर स्मृतीशी तिचा संबंध काय, हा प्रश्न त्यानंतर बरीच वर्षे रेंगाळला.

आज त्याचे जे उत्तर दिले जाते ते असे: उंदराला नवी माहिती मिळते ती हिंडताना, हुंगताना, मिशा फिरवताना, म्हणजे नेमकी थीटाच्या काळात. माकडाचे शोधणे पायांनी कमी आणि डोळ्यांनी अधिक चालते. चित्र न्याहाळणाऱ्या माकडाची नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेते तेव्हा हिप्पोकॅम्पसमधली लय नव्याने सुरू होते, आणि ती जितकी नीट जुळते तितके ते चित्र नंतर चांगले ओळखले जाते, असे एलिझाबेथ बफेलो यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले.

थीटाचा ठेका धरणारा भाग म्हणजे मेंदूच्या मध्यभागातले सेप्टम. तिथून निघणारे धागे हिप्पोकॅम्पसमध्ये पोचतात. १९७८ मध्ये जोनाथन विन्सन यांनी जागा लक्षात ठेवायला शिकलेल्या उंदरांच्या सेप्टमला इजा केली. ज्यांची थीटा नाहीशी झाली ते शिकलेली जागा शोधू शकले नाहीत, ज्यांची शिल्लक राहिली त्यांना जमले. प्रयोग देखणा होता, पण निर्णायक नव्हता. सेप्टम गेले की लयीबरोबर हिप्पोकॅम्पसला मिळणारे ॲसिटिलकोलीन हे रसायनही तुटते. ही शंका या क्षेत्राच्या पाठीमागे आजतागायत आहे: लय काढून घेताना दुसरे काही काढले गेले नाही, हे दाखवणे महाकठीण.

लाटेवरची जागा

शिकणे म्हणजे पेशींमधील जोड बळकट होणे, या कल्पनेला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो ऑस्लोत. तेर्ये लोमो यांना १९६६ मध्ये आढळलेली आणि टिमथी ब्लिस यांच्यासह १९७३ मध्ये सविस्तर मांडलेली गोष्ट अशी, की सशाच्या हिप्पोकॅम्पसला जलद विद्युत स्पंदांची सरबत्ती दिली की तिथले जोड तासन्‌तास बळकट राहतात. मात्र त्यासाठी दिली जाणारी सरबत्ती नैसर्गिक मेंदूत कधी घडत नाही इतकी मोठी होती. १९८६ मध्ये जॉन लार्सन आणि गॅरी लिंच यांनी फक्त चार-चार स्पंदांचे छोटे झुपके दिले आणि दोन झुपक्यांमधले अंतर बदलून पाहिले. सर्वांत चांगला परिणाम २०० मिलिसेकंदांच्या अंतराने मिळाला. म्हणजे सेकंदाला पाच: थीटाचाच वेग. पहिल्या झुपक्याने आवर घालणाऱ्या पेशी जाग्या होतात, त्यांची ताकद सुमारे २०० मिलिसेकंदांनी सर्वांत क्षीण असते, आणि नेमका त्या फटीत आलेला दुसरा झुपका जोड पक्का करतो. मेंदूने निवडलेला वेग आणि जोड शिकण्यासाठी सोयीचा वेग एकच निघावा, हे या विषयातले बहुधा सर्वांत बोलके निरीक्षण आहे.

त्याहून पुढचे पाऊल पॅट्रिशिओ वेर्ता आणि जॉन लिस्मन यांनी १९९५ मध्ये टाकले. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापात त्यांनी रसायनाने थीटासारखी लय उठवली आणि एकच झुपका लाटेच्या वेगवेगळ्या जागी दिला. शिखरावर दिलेल्या झुपक्याने जोड बळकट झाला. दरीत दिलेल्या त्याच झुपक्याने आधी बळकट झालेला जोड सैल पडला. तबल्याचा तोच बोल समेवर पडला तर दाद मिळते आणि चुकीच्या मात्रेवर पडला तर तोल जातो, तसे.

यावरून मायकेल हॅसेल्मो यांनी २००२ मध्ये एक मांडणी केली. नवे साठवणे आणि जुने आठवणे ही दोन कामे एकाच जाळ्याला करायची असतात आणि ती एकमेकांत मिसळली तर घोटाळा होतो: आज गाडी कुठे लावली हे साठवताना कालची जागा मध्ये येते. हॅसेल्मो यांच्या मते थीटाचा अर्धा भाग बाहेरून येणारी माहिती आत घेण्यासाठी आणि अर्धा भाग आतली आठवण वर काढण्यासाठी राखलेला असतो. २०१४ मध्ये जोशुआ सीगल आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने थीटाच्या ठरावीक भागातच दाबल्या. मार्ग शिकण्याच्या टप्प्यावर लाटेच्या एका भागात दाबल्यास उंदरांची कामगिरी सुधारली, आठवण्याच्या टप्प्यावर त्याच्या उलट भागात दाबल्यास सुधारली. नको त्या वेळचा गोंगाट कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. पण हॅसेल्मो यांच्या मांडणीला तो बळ देतो.

आवर्तन आणि मात्रा

१९७१ मध्ये लंडनच्या जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला तरच बोलतात. या ‘स्थानपेशीं’साठी ओकीफ यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; ते त्यांच्याबरोबर विभागून घेणारे माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर हे शेजारच्या भागातील, जागेची जाळी आखणाऱ्या ‘जाळीपेशीं’चे शोधक. स्मृतीच्या दृष्टीने मात्र ओकीफ यांचा १९९३ चा, मायकेल रेके यांच्यासोबतचा शोध अधिक मोलाचा आहे. उंदीर पेशीच्या जागेत शिरतो तेव्हा पेशी थीटा लाटेच्या शेवटाकडे बोलते, आणि तो पुढे सरकतो तशी प्रत्येक आवर्तनात थोडी आधी, आणखी आधी बोलू लागते. त्यामुळे लाटेवरच्या जागेवरून उंदीर त्या टापूत कुठवर आला, हे सांगता येते.

याचा एक परिणाम पटकन ध्यानात येत नाही. वाटेवरच्या लागोपाठच्या जागांच्या पेशी एकाच थीटा आवर्तनात, त्याच क्रमाने, एकापाठोपाठ बोलतात. जे अंतर तोडायला उंदराला सेकंदभर लागतो, ते सुमारे आठव्या-दहाव्या हिश्शात आवळले जाते. १९९८ मध्ये ग्वोचियांग बी आणि मूमिंग पू यांनी दाखवले होते की दोन पेशींमधला जोड बळकट व्हायचा असेल तर त्या साधारण वीस मिलिसेकंदांच्या आत, ठरावीक क्रमाने बोलाव्या लागतात. जगातल्या घटना इतक्या जवळ येत नाहीत. थीटा त्यांना जवळ आणते. घटनेनंतर घटना, अशी आठवणीची साखळी गुंफली जाण्यामागे हे आवळणे असावे, असे बहुतेक संशोधक मानतात.

थीटाच्या पोटात गॅमा चालते. एका संथ लाटेवर पाच-सात जलद लाटा स्वार झालेल्या असतात, आणि थीटाच्या विशिष्ट भागात त्या मोठ्या होतात. तालाच्या भाषेत थीटा हे आवर्तन आणि गॅमा ही मात्रा. लिस्मन आणि मार्को इदियार्त यांनी १९९५ मध्ये यावरून एक धाडसी कल्पना मांडली. माणूस एका वेळी सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्या गोष्टी ध्यानात धरतो, असे जॉर्ज मिलर यांचे १९५६ चे प्रसिद्ध निरीक्षण होते. प्रत्येक मात्रेवर एक गोष्ट ठेवली, तर एका आवर्तनात सातच्या आसपास गोष्टी मावतात. आकडे जुळले म्हणून कल्पना खरी ठरत नाही, आणि आज ध्यानाची मर्यादा अनेक जण चारच्या जवळ मानतात. तरी २०१० मध्ये निकोलाय आक्स्माखर यांच्या गटाने फिटच्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये घेतलेल्या नोंदींत, ध्यानात धरायच्या गोष्टी वाढल्या की संथ लय आणखी संथ होते, असे दिसले. जास्त मात्रा बसवायच्या तर आवर्तन लांबवावे लागणार, हे त्या कल्पनेशी जुळते.

गॅमाही एकजिनसी नाही. लॉरा कोल्गिन यांनी २००९ मध्ये उंदरांत दाखवले की तिची संथ जात हिप्पोकॅम्पसच्या आतल्या, साठवलेल्या माहितीच्या भागाशी जुळते आणि जलद जात बाहेरून माहिती आणणाऱ्या भागाशी. रेडिओचे स्टेशन बदलावे तसा हिप्पोकॅम्पस आळीपाळीने आतले आणि बाहेरचे ऐकतो.

झोपेतली उजळणी

जागेपणी थीटाच्या आधाराने कच्ची नोंद होते, ती पक्की होते झोपेत. झोपेने विसरणे कमी होते हे जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच मोजले होते; कारण मात्र झोपेत नवे काही कानावर पडत नाही, एवढेच समजले जाई. झोपेतला मेंदू स्वतः काम करत असतो, ही कल्पना रुजायला आणखी साठ वर्षे लागली.

उंदीर थांबून खाऊ लागला किंवा गाढ झोपला की हिप्पोकॅम्पसमधली थीटा जाते आणि अधूनमधून एक टोकदार लाट उठते. तिच्यावर सेकंदाला १५० ते २०० वेळा थरथरणारी बारीक लहर असते. हिला इंग्रजीत रिपल म्हणतात. ती जेमतेम ५० ते १०० मिलिसेकंद टिकते, पण तेवढ्यात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचा मोठा हिस्सा एकदम बोलून घेतो. ग्यॉर्गी बुझाकी यांनी १९८९ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची कल्पना अशी: हिंडताना थीटाच्या लयीत तात्पुरती नोंद, विश्रांतीत या लहरींतून पक्की नोंद. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी हिंडताना ज्या स्थानपेशी जोडीने बोलल्या त्या नंतर झोपेतही जोडीने बोलतात, हे दाखवले. पुढच्या प्रयोगांत क्रमही तोच निघाला, पण वीसेक पट वेगाने. उंदीर दिवसाची वाट झोपेत पुन्हा धावून जातो. जागेपणी मुक्कामावर पोचल्यावर तीच वाट उलट्या क्रमानेही उमटते, हे २००६ मध्ये डेव्हिड फॉस्टर आणि विल्सन यांना दिसले. बक्षीस कोणत्या पावलांमुळे मिळाले याचा मागोवा असा मागे मागे जाऊन घेतला जात असावा.

ही उजळणी कामाची आहे की नुसता पडसाद, हे तपासणे सोपे नव्हते. गाब्रिएल जिरार्दो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उंदरांना आठ फाट्यांच्या चक्रव्यूहात खाऊ असलेले तीन फाटे शिकवले आणि शिकल्यानंतरच्या तासाभराच्या झोपेत प्रत्येक लहर उमटताक्षणी विद्युत स्पंदाने मोडली. तुलनेच्या गटाला तेवढेच स्पंद मिळाले, पण लहर संपल्यावर. पहिला गट मागे पडला. उलट बाजूचा पुरावा २०१९ मध्ये आला: आंतोनिओ फर्नांदेझ-रुइझ आणि बुझाकी यांनी प्रकाशाने या लहरी लांबवल्या, आणि उंदरांची कामगिरी सुधारली. मोडले की बिघडते, लांबवले की सुधारते. लयी आणि स्मृतीच्या साऱ्या साहित्यात कार्यकारणाचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे क्वचितच आहे.

पण पक्की आठवण शेवटी हिप्पोकॅम्पसमध्येच राहत नाही. ती हळूहळू कॉर्टेक्स या मेंदूच्या वरच्या, सुरकुतलेल्या थरात पसरते. ही पोच करायला गाढ झोपेतल्या आणखी दोन लयी लागतात. एक, सेकंदाला एकाहूनही कमी वेळा येणारी संथ लाट. मिर्चा स्टेरियाडे यांनी १९९३ मध्ये मांजरांत तिचे वर्णन केले. तिच्या एका भागात कॉर्टेक्सच्या पेशी एकजात गप्प होतात, दुसऱ्या भागात एकजात जाग्या. दुसरी लय म्हणजे चातीसारखी मध्ये फुगणारी आणि दोन्हीकडे निमुळती होणारी, १२ ते १५ हर्ट्झची ‘स्पिंडल’. ती मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमधून निघते आणि अर्धा ते दोन सेकंद टिकते. बेर्नहार्ड स्टारेसीना यांच्या गटाने २०१५ मध्ये फिटच्या रुग्णांमध्ये या तिघींची घडी उलगडून दाखवली: संथ लाटेच्या जागत्या भागात स्पिंडल बसते, आणि स्पिंडलच्या दऱ्यांमध्ये हिप्पोकॅम्पसच्या लहरी. डब्यात डबा ठेवावा तशी ही रचना आहे. संथ लाट कॉर्टेक्सला जागे करते, स्पिंडल तिथले जोड बदलण्याजोगे करते, आणि नेमक्या त्या घटकेला हिप्पोकॅम्पस माहिती पाठवतो.

ही घडी नीट बसण्यावर स्मृती किती अवलंबून आहे, याचा दाखला २०१६ च्या एका प्रयोगात मिळतो. उंदरांना दोन वस्तू फक्त तीन मिनिटे दाखवल्या. एवढ्यात त्यांच्या जागा दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाहीत. मग झोपेत प्रत्येक लहरीपाठोपाठ कॉर्टेक्सला हलका स्पंद देऊन संथ लाट आणि स्पिंडल जुळवून आणली. दुसऱ्या दिवशी उंदरांना जागा आठवल्या. तोच स्पंद थोड्या उशिराने दिला तेव्हा काहीही झाले नाही. म्हातारपणातही हीच घडी विस्कटते: वृद्धांमध्ये स्पिंडल संथ लाटेच्या शिखरावर न येता आधीच येऊन जाते, आणि ती जितकी चुकते तितके रात्रभरात विसरणे जास्त, असे रँडॉल्फ हेल्फ्रिश आणि मॅथ्यू वॉकर यांना बर्कली येथे २०१८ मध्ये आढळले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकणारा विद्यार्थी ही उजळणीच रद्द करून टाकतो, एवढे या सगळ्यावरून बेलाशक म्हणता येते.

स्वप्नांच्या झोपेत हिप्पोकॅम्पसमध्ये पुन्हा थीटा येते. तिला अर्थ आहे का, हा वाद २०१६ पर्यंत अधांतरी होता. त्या वर्षी रिचर्ड बॉइस आणि सहकाऱ्यांनी सेप्टममधल्या पेशी फक्त स्वप्नांच्या झोपेत प्रकाशाने गप्प केल्या. झोप मोडली नाही, थीटा गेली, आणि कोणत्या जागी धोका होता ही आठवण कमकुवत झाली.

माणसांतला पुरावा

माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तारा घालता येतात त्या फक्त वैद्यकीय कारणासाठी. औषधाला दाद न देणाऱ्या फिटचा उगम शोधताना काही दिवस मेंदूत इलेक्ट्रोड ठेवावे लागतात, आणि तेवढ्या काळात रुग्ण संमती देऊन स्मृतीच्या चाचण्याही देतात. मायकेल कहाना यांनी १९९९ मध्ये अशा रुग्णांना संगणकावरच्या चक्रव्यूहात फिरायला लावले तेव्हा थीटाचे झोत दिसले. २०१० मध्ये उएली रुतिशाउझर यांनी दाखवले की चित्र पाहताना पेशींचे स्पंद थीटाशी जितके घट्ट बांधलेले, तितके ते चित्र पुढे खात्रीने ओळखले जाते. पेशी किती बोलल्या याने फरक पडला नाही. त्या लयीत बोलल्या का, याने पडला. आठवण्याच्या क्षणाबाबत २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जवळपास एकच गोष्ट नोंदवली: पाहिलेली चित्रे किंवा शब्द आठवून सांगण्याच्या सेकंद-दोन सेकंद आधी रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये लहरींची संख्या वाढते.

काही क्षणांपुरते ध्यानात धरण्याच्या कामी अल्फाचाही हात आहे, आणि तो उलटा आहे. ओले येन्सन यांनी २००२ मध्ये पाहिले की ध्यानात धरायची अक्षरे वाढली की डोक्याच्या मागच्या भागातली अल्फा वाढते. बर्गर यांच्या काळापासून रिकाम्या मेंदूची खूण समजली जाणारी ही लय आता दार लावून घेणारी लय मानली जाते: आत काही जपायचे असले की बाहेरचे पाहणे थोपवायचे.

आक्षेप

लय आणि स्मृती सोबत चालतात म्हणून लयच स्मृती घडवते, असे होत नाही. गिरणी चालू असताना पट्ट्याचा आवाज येतोच. पीठ काही आवाजाने दळले जात नाही. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला दोन गोष्टींनी धार आली. २०११ मध्ये मायकेल यार्त्सेव्ह आणि नाखूम उलानोव्स्की यांनी इजिप्शियन फळवटवाघळांत जाळीपेशी शोधल्या, आणि त्या थीटाच्या सलग लयीशिवाय व्यवस्थित चालत होत्या. उंदरांच्या जाळीपेशींना मात्र थीटा गेली की आपली जाळी राखता येत नाही, हे त्याच वर्षी दोन गटांनी दाखवले होते. दुसरी गोष्ट माणसांतली. नीट साठवल्या जाणाऱ्या शब्दांच्या वेळी थीटा वाढायला हवी. बऱ्याच अभ्यासांत ती एकूण कमीच होते. माणसाची थीटा उंदरापेक्षा संथ आहे, तुकड्यातुकड्यांत येते, आणि आलेखावर तिला पार्श्वभूमीच्या अनियमित हालचालीपासून वेगळे काढणे नाजूक काम आहे. उंदरावरून माणसाबद्दल बेधडक बोलणाऱ्या लेखांकडे सावधपणेच पाहावे लागते.

दुसऱ्या पारड्यात बुझाकी यांच्याच प्रयोगशाळेतला २००६ चा एक निष्कर्ष आहे. दाविद रोब यांनी उंदरांना गांजातील क्रियाशील द्रव्याच्या जातीची रसायने दिली. हिप्पोकॅम्पसच्या पेशी जवळपास पूर्वीइतक्याच बोलत राहिल्या, पण एकमेकींशी जुळवून बोलणे कोसळले, लयी क्षीण झाल्या, आणि उंदरांची स्मृतीही. इथे पेशी होत्या, त्यांचे बोलणे होते; गेली ती वेळ. पट्ट्याच्या आवाजाचा दृष्टान्त इथे पुरा पडत नाही. वटवाघळांबाबतही पुढे असे दिसले की त्यांच्या पेशी नियमित लयीला नाही, तरी अनियमित चढउताराला मात्र धरून बोलतात. तेव्हा ठेका संथ-जलद होऊ शकतो, कदाचित तो अगदी समान असण्याचीही गरज नसेल. एकत्र पडणे मात्र टळत नाही.

लय बाहेरून देणे

२००६ मध्ये ल्यूबेक येथे लिसा मार्शल आणि यान बोर्न यांनी झोपलेल्या तरुणांच्या कपाळावरून सेकंदाला ०.७५ आवर्तनांचा अतिसौम्य विद्युत प्रवाह दिला. संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या त्यांना सकाळी अधिक आठवल्या. ५ हर्ट्झचा प्रवाह दिल्यास फायदा झाला नाही. बोर्न यांच्याच गटाने २०१३ मध्ये विजेऐवजी आवाज वापरला: संथ लाट चढत असताना हलका ‘खट्’, पुढच्या लाटेला पुन्हा. लाटा मोठ्या झाल्या, शब्द जास्त आठवले. या प्रयोगात फक्त ११ जण होते. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत लाटा मोठ्या होतात हे वारंवार दिसले, स्मृती सुधारते हे कधी दिसले, कधी नाही. वासाचा प्रयोग अधिक टिकाऊ ठरला. पत्त्यांच्या जोड्या लावताना गुलाबाचा वास दिला आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, तर सकाळी सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, वास नसताना ८६ टक्के, असे ब्योर्न राश यांनी २००७ मध्ये नोंदवले.

जागेपणी प्रवाह देण्याच्या प्रयोगांत बोस्टन विद्यापीठातील रॉबर्ट राइनहार्ट यांचे काम गाजले. २०१९ मध्ये ६० ते ७६ वर्षांच्या माणसांच्या कपाळाकडचा आणि कानशिलाकडचा भाग थीटाच्या वेगाने एकत्र आणल्यावर त्यांची तात्पुरती स्मृती विशीतल्या तरुणांच्या बरोबरीला आली. २०२२ मध्ये रोज २० मिनिटे, चार दिवस प्रवाह दिल्यावर परिणाम महिनाभर टिकला, असे त्यांनी सांगितले. पण याच पद्धतीवर २०१८ मध्ये एक मूलभूत शंका घेतली गेली आहे. मृतदेहांवर मोजमाप केले असता दिलेल्या प्रवाहापैकी सुमारे ७५ टक्के त्वचा, स्नायू आणि कवटीतच विरतो, मेंदूपर्यंत पोचत नाही. नेहमीच्या मात्रेतला प्रवाह पेशींना थेट ताल देतो की त्वचेच्या संवेदनेतून काही घडते, यावर मतभेद कायम आहेत. डोक्याला लावायचे ‘स्मृतिवर्धक’ पट्टे बाजारात विकणाऱ्यांना अर्थात या मतभेदांची फारशी फिकीर नाही.

अल्झायमरच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा गॅमाची झाली. एमआयटीतील लीह्वे त्साई यांच्या गटाने २०१६ मध्ये रोगाचे जनुक असलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला. दृष्टीच्या भागातले, या रोगात साचणारे ॲमिलॉइड हे प्रथिन घटले आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी सक्रिय झाल्या. पुढे ४० हर्ट्झचा आवाजही वापरला तेव्हा परिणाम हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचल्याचे त्यांनी नोंदवले. २०२३ मध्ये बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने हाच प्रयोग करून पाहिला. त्यांच्या नोंदींत लुकलुकता प्रकाश मेंदूची स्वतःची गॅमा जागी करत नव्हता आणि ॲमिलॉइडही भरवशाने कमी होत नव्हते. त्साई यांच्या गटाने २०२४ मध्ये मेंदूतील द्रव वाहून नेण्याच्या यंत्रणेवर या प्रकाश-आवाजाचा परिणाम होतो, अशी वेगळी कारणमीमांसा पुढे केली. माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांत हा प्रकाश-आवाज रुग्णांना सुरक्षितपणे, घरच्या घरी, रोज तासभर देता येतो, इतके दिसले आहे; विसरणे त्याने थांबते का, हे ठरण्यासाठी शेकडो रुग्णांच्या मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.